शनिवारचा चौथा गडी

*क्लबच्या फळ्यावर टाचणीने लावलेला कागद. अक्षर दोना नेल्सीचं, म्हणजे नेल्सीबाईंचं. चौथीच्या वर्गाला तीस वर्षं शिकवलेलं, गोल, सुवाच्य, किंचित दम देणारं.*

कोर्ट क्रमांक दोन.
शनिवार, सकाळी नऊ ते अकरा.
राखीव. कायमचं.

नेल्सी बोर्तोलुझी
ओलिव्हिओ द्रेमर
आदेमीर फोंतानिव्हे
~~इलारिओ क्लाइन~~

इलारिओ मुलीकडे समुद्रकाठी राहायला गेला. चौथा गडी हवा. वयाची अट नाही. सर्व्हिस नेटपलीकडे पडली तरी पुरे. बोलायला लाजू नये. तीन शनिवार पाहू, मग ठरवू. निर्णय आमचा. कुरकुर ऐकली जाणार नाही.

*त्याखाली, पेन्सिलीने:*

एवांद्रो झांकेट

&nbsp;

क्लबात सगळ्यांना आधी हा विनोद वाटला. कुणीतरी थट्टेने त्याचं नाव लिहिलं असणार. मग कॅन्टीनवाल्या जुसाराने अक्षर ओळखलं. ती एवांद्रोची मोठी बहीण. "त्याचंच आहे," ती म्हणाली. "'झ' बघा, लोळतोय नुसता."

एवांद्रो छत्तीस वर्षांचा होता. त्यातली सतरा वर्षं त्याने टेनिसवर पोट भरलं होतं. सर्वात वर चढला तेव्हा जगात एकशे अठरावा. अठराव्या वर्षी आरोयो क्लारो या आपल्या गावाहून बसने गेलेला पोरगा खांदा कामातून गेल्यावर परत आला, तेव्हा गावाने त्याला अग्निशमन दलाच्या बंबावर उभं करून मिरवलं. तीन फेऱ्या मारल्या. गाव एवढंसं, की पहिली फेरी लोक चपला घालून बाहेर पडायच्या आतच संपली होती.

त्याला आता आठ महिने झाले. क्लबाने त्याला शिकवायला ठेवलं. दंतवैद्य यायचा, बँकेतल्या दोघी यायच्या, 'प्रोफेसर, माझा बॅकहँड बघा' म्हणायचे. बघून झाला की 'प्रोफेसर, थँक्यू' म्हणून निघून जायचे. 'चल, खेळू' असं आठ महिन्यांत त्याला कुणी म्हणालं नव्हतं. कोण म्हणणार? नगरपालिकेच्या बँडमध्ये वाजवणारा माणूस रेडिओवरच्या वादकाला घरी बोलावून 'बसतोस का जरा वाजवायला' असं विचारत नाही.

दर शनिवारी अकराच्या सुमाराला कोर्ट एकवर चेंडू गोळा करताना त्याला कॅन्टीनच्या द्राक्षमांडवाखालून हसणं ऐकू यायचं. चार म्हातारी माणसं, एक टेबल, सळईवर भाजलेल्या बरगड्या, आणि सकाळच्याच खेळावरून पुन्हा भांडण. इलारिओ गेल्यापासून तिथे एक खुर्ची मोकळी होती.

एवांद्रोला ती खुर्ची हवी होती. दुसरं काही नको होतं.

&nbsp;

अठ्ठेचाळीस मिनिटं

रीत अशी ठरली, की तीन शनिवार तिघांच्या जोडीला एकेकदा खेळायचं. पहिला शनिवार दोना नेल्सीचा.

नेटपलीकडे सेउ ओलिव्हिओ, म्हणजे ओलिव्हिओराव. गावातलं जुनं औषधांचं दुकान त्यांचं, वय चौऱ्याहत्तर, डोक्यावर पांढरी टोपी. शेजारी डॉक्टर आदेमीर, गुरांचे. चाळीस वर्षं अडलेल्या गायींची वासरं ओढून काढल्याने त्यांचा एकटा उजवा हात दोन माणसांचा झाला होता.

आपली ताकद दाखवायची नाही, हे एवांद्रोने ठरवूनच ठेवलं होतं. तो प्रत्येक चेंडू कमरेएवढ्या उंचीवर, ताटात वाढल्यासारखा देत होता. म्हाताऱ्यांचे फटके छान बसत होते. त्याला वाटलं, जमतंय.

तिसऱ्या गेममध्ये सेउ ओलिव्हिओंचा एक चेंडू रेघेच्या अगदी कडेला पडला. लाल मातीवर खूण उमटली. पलीकडून डॉक्टर आदेमीर बाह्या सारत नेटकडे चालूही लागले होते.

एवांद्रोने हात वर केला. "आत आहे. तुमचा पॉइंट."

डॉक्टर वाटेत थांबले. "आत?"

"आत. खूण स्पष्ट आहे."

"असं," डॉक्टर म्हणाले, आणि दुकान बंद बघून माणूस फिरावा तसे मागे फिरले.

पुढे एवांद्रोचा चेंडू त्यांच्या बाजूला कडेला पडला. सेउ ओलिव्हिओ गुडघ्यांवर हात टेकून वाकले, खूण निरखू लागले. बराच वेळ निरखायचा त्यांचा बेत दिसत होता.

"बाहेर होता, सेउ ओलिव्हिओ," एवांद्रो इकडून म्हणाला. "माझीच चूक. घ्या पॉइंट."

सेउ ओलिव्हिओ सावकाश सरळ झाले. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

सहा-चार, सहा-तीन. दहाला बारा मिनिटं कमी असताना सगळं आटोपलं. कॅन्टीनच्या खिडकीतून जुसाराने पळी हातात घेऊन डोकं बाहेर काढलं.

"झालं? एवढ्यात? अहो, मी तांदूळसुद्धा धुतले नाहीत."

मग चौघं मांडवाखाली सव्वा तास नुसते बसले. शिमारांवचा तुंबा फिरू लागला. कढत, कडू पानांचा चहा, नळीने एकेकाने ओढायचा आणि पुन्हा भरून पुढच्याला. एवांद्रोची पाळी आली. त्याने ओढला आणि तुंबा परत देताना "थँक्यू" म्हणाला.

झालं. त्यानंतर तुंबा त्याला वगळूनच फिरत राहिला. इथे थँक्यू म्हणजे 'मला पुरे', हे लहान पोरालाही ठाऊक असतं. एवांद्रोलाही होतं. सतरा वर्षांत बाहेर प्रत्येक गोष्टीला थँक्यू म्हणून म्हणून विसरला होता. आता 'नाही, मला अजून हवा आहे' असं सांगायची त्याला लाज वाटली. तो तिसऱ्या फेरीपर्यंत तुंब्याकडे बघत बसला.

सेउ ओलिव्हिओंचा चेहरा विटेसारखा झाला होता आणि बराच वेळ तसाच राहिला.

मी फार जोरात खेळलो, एवांद्रोने मनाशी ठरवलं.

&nbsp;

त्या चेंडूबद्दल गावात कोण काय म्हणतं

*(इटलीतली स्पर्धा. तिसरा सेट. एवांद्रोला मॅच पॉइंट. समोरच्याचा चेंडू पंचाने बाहेर दिला. सामना एवांद्रोचा झाला. कॅन्टीनमधल्या टीव्हीसमोर अख्खं गाव उठून उभं राहिलं. एवांद्रो चालत गेला, खूण बघितली, पंचाला म्हणाला, "आत आहे." खेळ पुढे चालू झाला. सात-पाच हरला. जिंकला असता, तर पहिल्या शंभरात गेला असता.)*

न्हावी: आत असेल. पण तो पंच पगार कशाचा घेतो?

पाद्रीबाबा: त्या रविवारी प्रवचन त्याच्यावरच दिलं. देताना चेहरा आंबट होता.

दंतवैद्य: मी खूण बघितली टीव्हीवर. बाहेर होता.

डॉक्टर आदेमीर: दिलास तो दिलास. पण शेजारच्या आर्जेंटिनाच्या माणसाला? जन्मवैऱ्याला?

दोना नेल्सी: माझा विद्यार्थी आहे. (हे त्या कधी अभिमानाने म्हणतात, कधी कपाळाला हात लावून.)

एवांद्रो: होता आत.

&nbsp;

एकेचाळीस मिनिटं

दुसऱ्या शनिवारी तो डॉक्टर आदेमीरांच्या जोडीला होता आणि वाईट खेळायचं ठरवून आला होता.

वाईट खेळणं सोपं नसतं. हाताला सतरा वर्षांची सवय, तो आपोआप योग्य जागी जातो. त्याला मनाने मागे ओढावं लागतं. एवांद्रोने दोन सर्व्हिस नेटमध्ये घातल्या. एक सोपा चेंडू कुंपणापार मारला. एकदा तर रॅकेट फिरवलीच नाही, चेंडू शेजारून जाऊ दिला आणि "अरेरे" म्हणाला.

"एवांद्रो," नेटपलीकडून दोना नेल्सींनी हाक मारली. खेळ थांबला. "तुला चौथीत सातचा पाढा येत होता का?"

"येत होता, दोना नेल्सी."

"खडखडीत येत होता. शाळा तपासायला साहेब आले त्या दिवशी सात साती त्रेपन्न म्हणालास. कारण तुझ्या आधी शेजारच्या पोराने चुकीचं सांगितलं होतं, आणि त्याला वाईट वाटू नये म्हणून. मी तेव्हाही ओळखलं होतं."

"हो."

"मग नीट खेळ. आम्ही म्हातारे आहोत, पाहुणे नाही."

तो नीट खेळू लागला. नीट म्हणजे त्याच्या पद्धतीने. कडेचा चेंडू पडला, की कुणी काही म्हणायच्या आत निकाल लावायचा: आत, तुमचा. बाहेर, माझी चूक. नाही, नाही, तुमचाच. डॉक्टरांनी एकदा "अरे, ती खूण मघाची आहे" अशी सुरुवात केली, तर जोडीदार असूनही एवांद्रो म्हणाला, "नाही डॉक्टर, आत्ताचीच आहे, कडा बघा, अजून ओल्या आहेत." डॉक्टरांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू त्याने त्यांची खुर्ची बसता बसता ओढली.

दुसऱ्या सेटमध्ये सेउ ओलिव्हिओ म्हणाले, "एक मिनिट. बुटाची नाडी." ते बाजूला गेले, कुंपणाची जाळी धरून खाली वाकले. मग आणखी एकदा नाडी. मग आणखी एकदा.

सामना संपला. हात मिळवताना डॉक्टर म्हणाले, "ये पुढच्या शनिवारी. तीन म्हटले म्हणजे तीन."

घरी आलेल्या विमा एजंटला म्हणतात तसं म्हणाले. आणि त्या दिवशी तिघंही न जेवता, काहीबाही कामं सांगून निघून गेले.

&nbsp;

एकट्यासाठी टेबल

हे वाक्य एवांद्रोला सात भाषांत म्हणता येतं.

इटलीत म्हटलं, की वेटर आधी समोरचं ताट उचलतो, मग ग्लास, मग काटा-चमचा, आणि ते सगळं होईपर्यंत उभं राहावं लागतं. जर्मनीत ते टेबल खांबामागे असतं. मोरोक्कोत मालक स्वतः येऊन समोर बसला आणि दुहेरीत का हरलात ते विचारू लागला. तेवढं एक जेवण बरं गेलं. ताश्कंदमध्ये त्याने चुकून 'चौघांसाठी' म्हटलं. चार ताटं आली. त्याने परत पाठवली नाहीत.

दुहेरीत त्याला सतरा वर्षांत एकतीस जोडीदार मिळाले. सोमवारी ओळख व्हायची, गुरुवारी हरायचं, शुक्रवारी दोघं दोन विमानांत. त्यातल्या बहुतेकांचे चेहरे त्याला आठवत नाहीत. दुसऱ्या सर्व्हिस सगळ्यांच्या आठवतात.

&nbsp;

स्वयंपाकघर, त्याच दुसऱ्या शनिवारी, साडेदहा

— बरगड्या कोण खाणार या सगळ्या?

— मी खातो.

— पाच किलो? खा. बस तिथे. मीठ जास्त झालंय, चिडून टाकलंय.

— मला घेणार नाहीत ते, जुसारा.

— नाहीच घेणार.

— जोरात खेळलो तरी नाही, हळू खेळलो तरी नाही. मी काय करू? डावखुरा होऊ?

— तुझ्या खेळाचं कुणाला पडलंय, राजा. मी तांदूळ कधी चढवते?

— काय?

— शनिवारी. भात मी कधी चढवते ते विचार.

— कधी?

— तिसऱ्या भांडणाला. पहिल्या भांडणाला निखारे पसरते, दुसऱ्याला सळया लावते, तिसऱ्याला भात. अकरा वाजता सगळं टेबलावर. बावीस वर्षं घड्याळ बघितलं नाही मी. आता तू आलास, तर भांडणच नाही. आत आहे, घ्या. बाहेर आहे, घ्या. देवळात प्रसाद वाटल्यासारखा पॉइंट वाटतोयस.

— पण तो खरंच आत होता.

— असेल. सेउ ओलिव्हिओंच्या छातीत स्प्रिंगा किती आहेत?

— छातीत?

— दोन. मागच्या वर्षी बसवल्या. दोना नेल्सीला दमा आहे, पंप पर्समध्ये, पर्स बाकावर. डॉक्टरांचा गुडघा तर तू ऐकलाच असशील, इथपर्यंत कुरकुरतो. ही माणसं दोन तास धावतात असं वाटलं तुला? चाळीस मिनिटं धावतात. उरलेला वेळ त्या खुणेभोवती उभी राहून भांडतात. आणि श्वास घेतात. आता कळलं?

— मग थांबू या म्हणायचं ना जरा.

— कोण म्हणेल? ओलिव्हिओ, नेल्सीसमोर? नेल्सी, आदेमीरसमोर? मरतील, पण दमलो म्हणणार नाहीत. भांडायला मात्र कधीही तयार. भांडणात कुणाची कमी दिसत नाही.

— नाडी बांधत होते ते आज.

— त्यांच्या बुटांना नाड्या नाहीत, एवांद्रो. चिकटपट्टी आहे. मीच आणून दिलेत ते बूट. खा. गार होतंय.

— मला भांडता येत नाही, जुसारा.

— ते सगळ्या गावाने टीव्हीवर बघितलंय.

&nbsp;

आठवडाभर एवांद्रोने सराव केला. जुसारासमोर केला. ती कोबी चिरत म्हणायची, बाहेर. तो म्हणायचा, आत. ती म्हणायची, का? तो म्हणायचा, कारण मला तसं वाटतं. ती म्हणायची, हे भांडण नाही, हा अर्ज आहे. पुन्हा.

&nbsp;

दोन तास सात मिनिटं

तिसरा शनिवार सेउ ओलिव्हिओंच्या जोडीला. नेटपलीकडे डॉक्टर आणि दोना नेल्सी. हवा स्वच्छ, कोर्ट नुकतंच झाडलेलं. आज नाही जमलं, तर सोमवारी पुन्हा दंतवैद्याचा बॅकहँड.

दुसऱ्याच गेममध्ये संधी आल्यासारखी वाटली. दोना नेल्सींचा चेंडू रेघेच्या बाहेर चांगला दोन बोटं पडला. बाहेर म्हटलं, की पॉइंट आपलाच; त्यात भांडायला जागा नव्हती. एवांद्रोने तो पॉइंट घेतला आणि पुढच्याची वाट पाहिली. पुढचा डॉक्टरांचा चेंडू कडेवर आला, आत.

"बाहेर," एवांद्रो म्हणाला. आवाज चोरट्यासारखा निघाला.

डॉक्टरांनी भुवया वर केल्या. "काय म्हणालास?"

"बाहेर... वाटतोय."

"वाटतोय?"

"नाही, आहे. बाहेर आहे."

डॉक्टर आले. दोना नेल्सी आल्या. सेउ ओलिव्हिओ रॅकेटवर टेकून उभे राहिले. चौघांची डोकी खुणेवर वाकली.

"ही खूण रेघेला चिकटलेली आहे," दोना नेल्सी म्हणाल्या.

"चिकटलेली दिसते," एवांद्रो म्हणाला. त्याने रेघेची, मातीवर खिळ्यांनी ठोकलेली पट्टी बुटाच्या टोकाने चाचपली, आणि तोंडातून निघालं, "रेघच वर उचलली गेलीय."

"काय?"

"पट्टी. हा खिळा सैल आहे. पट्टी बाहेर सरकलीय. तिच्या खऱ्या जागी असती, तर चेंडू बाहेर होता."

डॉक्टर आदेमीर गुडघा कुरकुरवत खाली बसले. त्यांनी खिळा हलवून पाहिला. "घट्ट आहे."

"आत्ता तुम्ही दाबलात म्हणून घट्ट आहे."

डॉक्टरांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग दोना नेल्सींकडे. मग अगदी हळू, दुपारच्या झोपेतून जागं होणाऱ्या माणसासारखं, त्यांचं तोंड हसायला लागलं.

"म्हणजे मी खिळा दाबला."

"मी तसं म्हणत नाही. पण हात तुमचा आहे, आणि तो हात लहान नाही."

"नेल्सी, ऐकतेस? खोटारडा म्हणतोय मला."

"ऐकतेय. चौथीत असा नव्हता."

"चौथीत भूमिती नव्हती, दोना नेल्सी," एवांद्रो म्हणाला, आणि आपण हे त्यांना तोंडावर म्हणालो याचं त्यालाच नवल वाटलं.

साडेचार मिनिटं झाली. पॉइंट पुन्हा खेळायचा ठरला. कॅन्टीनच्या धुरांड्यातून निळा धूर वर चढला.

मग त्याच्या लक्षात आलं, की नुसती वाट बघत राहायची गरज नाही. कडेवरचे चेंडू नशिबाने पडावे लागतात, ते इतरांचे. त्याचे नाही. सतरा वर्षं, रोज सहा तास, रिकाम्या कोर्टांवर त्याने एकच गोष्ट केली होती: चेंडू त्या पट्टीवर टाकायचा. खांदा गेला, ताकद गेली, पण पट्टी कुठे आहे हे हाताला अजून पक्कं माहीत होतं. एक बोट आत, एक बोट बाहेर, अर्धा चेंडू आत आणि अर्धा बाहेर. जगात एकशे सतरा माणसं त्याच्यापेक्षा चांगली खेळत होती. पण हे आरोयो क्लारोमध्ये दुसऱ्या कुणाला येत नव्हतं.

सेउ ओलिव्हिओ बुटाकडे बघू लागले. एवांद्रोने पुढचा चेंडू पट्टीच्या बाहेरच्या कडेला नुसता घासून टाकला.

"बाहेर," डॉक्टर ओरडले.

"आत," एवांद्रो म्हणाला, आणि चालायला लागला. या खेपेला आवाज नीट निघाला.

सहा मिनिटं. सेउ ओलिव्हिओंचा रंग विटेवरून गुलाबीवर आला. त्यांनी स्वतः भाग घेतला: औषधाच्या दुकानात थेंब मोजता मोजता त्यांची नजर इतकी बारीक झाली आहे, की खूण आणि रेघ यांत केसभरही जागा नाही हे त्यांना उभ्यानेच दिसतं. डॉक्टर म्हणाले, मागच्या महिन्यात थेंब मोजता मोजता तुम्ही मला खोकल्याऐवजी पोट साफ करायचं दिलंत. सेउ ओलिव्हिओ म्हणाले, दिलं, आणि खोकायची तुझी हिंमत झाली का?

मग डॉक्टरांचा गुडघा. त्यांच्यासाठी एक, मागच्या रेघेवर. पाच मिनिटं.

मग दोना नेल्सी. त्या बाकावरच्या पर्सकडे एकदा बघतात आणि लगेच नजर वळवतात, हे त्याने पाहिलं. पुढचा चेंडू बाकाशेजारच्या कडेला, पट्टीवर. सगळे तिकडे गेले. दोना नेल्सी बाकावर टेकून भांडल्या. भांडता भांडता त्यांनी पर्समधून चष्मा काढला, आणि चष्म्याबरोबर आणखीही काहीतरी, आणि पाठ फिरवून दोनदा खोकल्या.

"एवढं आर्जेंटिनाच्या माणसाशी भांडला असतास, तर पहिल्या शंभरात असतास," डॉक्टर म्हणाले.

हे कधीतरी येणारच होतं.

एवांद्रोने खुणेवरून नजर उचलली नाही. "त्याच्याशी काय भांडायचं? त्याला विमान पकडायचं होतं. पूर्ण वेळ घड्याळ बघत होता. भांडायला माणूस निवांत लागतो, डॉक्टर."

सेउ ओलिव्हिओ आधी हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला आणि तो ओसरेपर्यंत सगळ्यांना थांबावं लागलं, म्हणजे आणखी दोन मिनिटं.

अकराला दोन मिनिटं होती. एक सेट ह्यांचा, एक सेट त्यांचा, तिसऱ्यात चार-चार. एवांद्रोने एक लांब, मंद चेंडू दूरच्या कोपऱ्यात सोडला. तो सोडतानाच त्याला माहीत होतं: बाहेर. चार बोटं. हा खांद्यामुळे गेला की आपणच घालवला, हे त्याने स्वतःलासुद्धा विचारलं नाही.

चेंडू पडला. मातीत स्वच्छ, गोल खूण. रेघेपासून इतकी लांब, की मधे आगपेटी ठेवता आली असती.

"आत," एवांद्रो म्हणाला.

हे भांडण पुढे नऊ मिनिटं चाललं. त्यात वारा निघाला, चेंडूचं जुनं असणं निघालं, पृथ्वीचा उतार निघाला. डॉक्टर म्हणाले, एवढ्या अंतरात मी गाय उभी करून दाखवतो. एवांद्रो म्हणाला, तुमची गाय तिरकी उभी राहते. दोना नेल्सींनी काठीने मातीवर एक वर्तुळ आणि एक स्पर्शरेषा काढली आणि सिद्ध केलं, की चेंडू बाहेर आहे. सेउ ओलिव्हिओंनी त्याच आकृतीवरून सिद्ध केलं, की आत आहे. कुणीच दमलेलं दिसत नव्हतं.

"जेवायला या," खिडकीतून जुसारा ओरडली. "भात जातोय हातचा."

"निकाल लागल्याशिवाय नाही," डॉक्टर म्हणाले.

"मग ताटं तिकडे आणू का?"

चौघांनी एकमेकांकडे बघितलं.

"पुढच्या शनिवारी इथूनच सुरू करू," सेउ ओलिव्हिओ म्हणाले. "याच चेंडूपासून. मी दुकानातलं भिंग आणतो."

"मी शाळेतलं कोनमापक," दोना नेल्सी म्हणाल्या. "आणि एवांद्रो, तू बरगड्या आण. दर शनिवारी एकाची पाळी असते. इलारिओची राहिली होती."

"आठवड्यात खूण पुसली जाईल," डॉक्टर म्हणाले.

"नाही जाणार," एवांद्रो म्हणाला.

&nbsp;

रविवार ते शुक्रवार

कोर्ट दोनच्या दूरच्या कोपऱ्यात मातीवर एक ॲल्युमिनियमचं मोठं झाकण पालथं घातलेलं होतं. वर अर्धी वीट. जुसाराच्या मोठ्या पातेल्याचं झाकण ते. ती दोन दिवस शोधत होती आणि सापडल्यावर तिने ते तिथेच राहू दिलं.

मंगळवारी भुरभुर पाऊस आला, तेव्हा एवांद्रो दंतवैद्याला सर्व्हिसच्या मध्यात सोडून पळत गेला आणि झाकणावर ताडपत्री टाकून आला. बुधवारी कोर्ट झाडताना त्याने माती सारखी करायची जाळी झाकणाभोवतून वळवून ओढली, दगडाला वळसा घालून पाणी जावं तशी. गुरुवारी बँकेतल्या दोघींपैकी एकीने विचारलं.

"प्रोफेसर, त्याच्याखाली काय आहे?"

"चेंडू पडलाय माझा," एवांद्रो म्हणाला.

"आत की बाहेर?"

एवांद्रोने झाकणाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"आत," तो म्हणाला. "वेळ असेल तर या, दाखवतो."